लोखंड उतरवा

"लोखंड उतरवा!"

आठल्ये सरांनी कड्याच्या पायथ्याशी उभं राहून आवाज दिला, आणि देवळाच्या पायरीशी चपला काढाव्यात तसं आम्ही अंगावरचं लोखंड काढायला लागलो. मी केसांतले आकडे काढले, किल्ल्या काढल्या. भागूबाई झोऱ्यांनी कमरेचा कोयता काढला. आठल्येकाकूंनी पर्स उघडली आणि तिच्यातून एक नेलकटर, पिनांचा झुपका, संत्री सोलायची सुरी आणि, का कोण जाणे, घरच्या कपाटाचं एक बिजागर बाहेर काढलं. सगळं लांब करवंदीच्या जाळीपाशी पसरलेल्या पंच्यावर जाऊन पडलं.

"मंगळसूत्राचं काय वो, मास्तर?" भागूबाईंनी विचारलं.

"सोनं चालतं. होकायंत्राच्या सुईला सोन्याशी काही देणंघेणं नाही."

"गुणाची हाय मग सुई."

"सुईच तेवढी गुणाची आहे हो," काकू म्हणाल्या. "तिच्यापायी यांनी मला कधीच सोडलंय. फक्त घराबाहेर काढायचं राहिलंय."

सर हसले नाहीत. सुईजवळ सर हसत नसत.

एक्क्याण्णव सालच्या माघातली ही गोष्ट. कोयनेच्या अंगाला कारवीचं रान चढून वर आलं की एक लांबलचक उघडा सडा लागतो. नुसता काळा कातळ, त्यावर वाळलेलं गवत, आणि कडेला भागूबाईंचं एकुलतं घर, चार म्हशी आणि एक कुत्रं. भागूबाईंची माणसं बाकीच्या म्हशी घेऊन खाली गेली होती, भागूबाई तेवढ्या मागं राहिल्या होत्या. आमच्या छिद्रयंत्राला पाणी लागायचं, ते त्या झऱ्यावरून आणून द्यायच्या. यंत्र पेट्रोलवर चालायचं आणि खडकातून बोटभर जाडीचे गोल तुकडे कापून काढायचं. भागूबाई आम्हाला 'दातवाले' म्हणायच्या. डोंगराचे दात उपटणारे.

आमचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटून तापलेला रस वाहिला. थरावर थर, दुरडीत भाकरीवर भाकरी पडावी तसा. त्या रसात लोखंडाचे बारीक कण असतात. रस निवताना ते त्या दिवशीच्या उत्तरेचा रोख धरतात आणि तसेच थिजून जातात. म्हणून कुठल्याही काळ्या दगडाला विचारता येतं, बाबा रे, तू निवलास तेव्हा उत्तर कुठं होती? आणि सह्याद्रीतले बरेच दगड बेधडक सांगतात, दक्षिणेला होती. कारण पृथ्वीचं चुंबकपण अधूनमधून उलटं होतं, तेव्हाही झालं होतं.

इथवर कुणाचंच भांडण नव्हतं. सरांचं म्हणणं याच्या पुढचं होतं. ते म्हणायचे, उत्तर एका दमात दक्षिणेला गेली नाही. सासरी निघालेली पोर अर्ध्या वाटेवरच्या झाडाखाली बसून राहावी, तशी ती मध्ये काही काळ बसून राहिली, ना इकडे ना तिकडे. त्या काळात निवलेला एखादा थर सह्याद्रीत कुठंतरी असणारच. हे ते तीस वर्षं म्हणत होते. परिषदांमध्ये चहाच्या कपाआडून लोक त्यांना विचारत, "काय आठल्ये, पोर पोचली का सासरी?"

आणि मागच्या मार्गशीर्षात तो थर आम्हाला मिळाला होता. याच कड्यावर, तांबड्या मातीच्या पट्ट्याच्या वरचा. खालचे सगळे थर आम्ही आधीच्या वर्षी तपासले होते, ते गुमान दक्षिणेकडे बोट दाखवत होते. हा एकटा बोट वळवून पूर्वेकडे निघाला होता. प्रयोगशाळेत आकडे आले त्या दुपारी सरांनी एक अख्खा सामोसा खाल्ला आणि म्हणाले, "वत्सला, काकूंना सांगू नकोस."

मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. हा थर खरा ठरला तर जाताजाता तीस वर्षांचं म्हणणं खरं होणार होतं. माझ्या प्रबंधाचाही कणा हाच थर होता. तो काढला तर उरलं ते इतरांनी आधीच सांगितलेलं, जरा बारीक टाइपात.

अडचण एकच होती. मार्गशीर्षात आम्ही आलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. खडकातून काढलेला तुकडा मुळात कुठल्या दिशेला तोंड करून बसला होता, हे तो काढण्याआधी मोजावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे एक पितळी नळी होती, वर तबकडी, तबकडीवर होकायंत्राची सुई आणि मधोमध एक उभी काडी. सुई चुंबकाची दिशा सांगते. काडीची सावली सूर्याची दिशा सांगते. सुईला कुणीही फसवू शकतं, खडकसुद्धा. सूर्याला फसवता येत नाही. मार्गशीर्षात सूर्यच नव्हता म्हणून आम्ही नुसत्या सुईवर भागवलं होतं.

"छापायच्या आधी एकदा सावलीला विचारून येऊ," सर म्हणाले होते. तपासून या असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

तर आम्ही सावलीला विचारायला आलो होतो, आणि धुकं होतं.

तुकड्यांभोवतीची छिद्रं पाडून झाली. पितळी नळी पहिल्या छिद्रात बसली. सर तिच्याशेजारी बसले. सुई तेच वाचत, नेहमी तेच. तीस वर्षांत त्यांनी एकाही विद्यार्थ्याला वाचू दिली नव्हती. आम्ही लिहायचं. एकदा एका मुलानं नुसतं वाकून बघितलं तर सरांनी त्याला पुढचा सगळा दिवस पेट्रोलच्या डब्याशेजारी बसवलं होतं. नळीजवळ बसले की त्यांचा डावा तळवा खडकावर टेकलेला असे, तबकडीला अगदी लागून, तापलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवावा तसा.

सूर्याच्या मोजणीला वेळ मिनिटासकट लागते आणि घड्याळ तर लोखंडात जमा. म्हणून काकू पंच्याजवळ घड्याळ घेऊन बसल्या होत्या, विचारलं की ओरडून सांगायला. खरं तर त्या आल्या होत्या वेगळ्याच कामाला. पावसाळ्यात सरांचं ब्लडप्रेशर चढून त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून काकू त्यांना एकटं सोडत नव्हत्या.

"इतकं धाकात ठेवलंया व्हय मास्तरांना?" भागूबाई त्यांच्याशेजारी टेकत म्हणाल्या.

"धाक? माझा?" काकूंनी सरांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "तीस वर्षांत या माणसानं माझं एक ऐकलेलं नाही. मीठ कमी खा म्हटलं, खारातलं लिंबू काढून खातात. स्वेटर घाला म्हटलं, बरोबर नेतात आणि परत आणतात. मी सांगितलं म्हणून एक गोष्ट केली असं दाखवा कुणी, मी नारळ फोडते."

"आमचं बी तसंच हुतं," भागूबाई म्हणाल्या. "आता गेलं, तर सपनात येऊन इचारत्यात, काय करू म्हणून."

धुकं हलत नव्हतं. भागूबाईंनी मांडीवरच्या गवताच्या काडीला गाठी मारत हळूच ओवी धरली.

काळ्या ग डोंगराच्या पोटामंदी काय असं
धनी बोलंना तोंडानं, मनामंदी काय वसं

"लोह आहे," सर सुईवरची नजर न काढता म्हणाले. "आणि थोडं टिटॅनियम."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग धुकं उठलं. दरीतून वर येत येत पातळ झालं आणि म्हशीच्या पाठीवरून गोणपाट ओढावं तसं सड्यावरून निघून गेलं. ऊन पडलं. तबकडीवरच्या काडीला सावली फुटली. इवलीशी, केसाएवढी, पण धारदार.

"वेळ!" सर ओरडले.

"अकरा वीस!"

सरांनी सावली वाचली, मग सुई वाचली. मी दोन्ही लिहून घेतलं, कोष्टकात सूर्य शोधला, वजाबाकी केली. दोन्ही उत्तरं एक यायला हवी होती, निदान शेजारी शेजारी. मध्ये चाळीसेक अंशांचं अंतर होतं.

मी पुन्हा वजाबाकी केली. सरांनी पुन्हा वाचलं. दुसऱ्या छिद्रात तेच. तिसऱ्यात तेच. सूर्य एक सांगत होता, सुई दुसरं, आणि दोघं आपापल्या म्हणण्यावर ठाम. मार्गशीर्षाच्या आकड्यांतून तेवढं अंतर वजा केलं तर हा थरही खालच्यांसारखाच होता. गुमान, दक्षिणेकडे.

"खडक जोरदार असेल, सर," मी म्हटलं. "तोच सुईला ओढत असेल."

"मग लांब नेऊन बघू."

सरांनी नळी काढली, होकायंत्र छातीशी उचलून धरलं, खडकापासून दूर मोकळ्यात नेलं, समोरच्या सुळक्यावर रोखलं. नकाशावरून त्या सुळक्याची दिशा आम्हाला पाठ होती. सुई तिथंही चुकली. सर जागा बदलत राहिले. सड्याच्या या टोकाला, त्या टोकाला, शेवटी भागूबाईंच्या गोठ्यापाशी. कुत्रं उठून बाजूला झालं. सुई सगळीकडे चुकत होती.

"अहो, गोळी!" काकूंनी हाक मारली. "वेळ झाली. माझं राहू दे, डॉक्टरांचं तरी ऐका."

सरांनी होकायंत्र एका सपाट दगडावर ठेवलं आणि गोळी घ्यायला जाळीकडे गेले.

मी वाकून बघितलं. बघायचं नसतं हे मला ठाऊक होतं. पण माझ्या प्रबंधाचा कणा त्या काचेखाली होता.

सुई शांत होती. सुळका जिथं असायला हवा तिथंच ती दाखवत होती, अगदी अंशाला अंश. मला वाटलं आपल्याला वाचता येत नाही. भागूबाई घागर खाली ठेवून माझ्याशेजारी वाकल्या. आम्ही दोघी जात्यात डोकावल्यासारख्या तिच्यात बघत राहिलो.

सर गोळी गिळून परत आले. खाली बसले, आणि सवयीनं डावा हात दगडावर टेकला.

सुई हलली. कुणी हाक मारल्यासारखी वळली, थरथरली आणि भलत्याच दिशेला जाऊन थांबली.

"आगं बया," भागूबाई म्हणाल्या. "मास्तर आलं की तोंड फिरवतीया. लाजती काय?"

सरांनी हात उचलला. सुई परत आली. हात टेकला. सुई गेली. त्यांनी हे तीनदा केलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आकडे वाचताना असायचा तोच चेहरा. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. पूर्ण बाहीचा पांढरा सदरा, मनगटापर्यंत बटण लावलेलं. सर पूर्ण बाह्याच घालत. घड्याळ केव्हाच पंच्यावर होतं. बाकी काही दिसत नव्हतं.

त्यांना मात्र कळलं होतं.

काकूही उठून जवळ आल्या होत्या. "काय झालं? बिघडलं का यंत्र?"

मी घाईघाईनं म्हटलं, "सर, वीज पडली असेल या सड्यावर कधीतरी. विजेनं खडक बिघडतो, तुम्हीच शिकवलंय. सावलीची मोजणी आपण पुन्हा कधी..." मला स्वतःलाच ऐकायला बरं वाटत होतं. धुक्यातले मार्गशीर्षाचे आकडे तसेच ठेवता आले असते. माघात आम्ही इथं आलो होतो हे आम्हा चौघांशिवाय कुणाला माहीत होतं? त्यातल्या एकीच्या लेखी आम्ही दातवाले होतो.

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"वीज माणसाच्या मागं मागं फिरत नाही, वत्सला."

त्यांनी डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर दुमडली. एक घडी, दुसरी घडी, इस्त्रीवाल्यासारखी नीट. मनगटाच्या वर एक काळा रबरी पट्टा होता. त्यात चिंचोक्यांएवढी चुंबकं ओळीनं बसवलेली होती. ब्लडप्रेशर उतरतं म्हणून जत्रेत आणि प्रदर्शनात विकत तसला.

होकायंत्राची सुई तेवढी पट्ट्याकडे वळून बघत होती.

"हा तर ड्रॉवरमध्ये होता," काकू म्हणाल्या.

"होता."

"मी आणला त्या दिवशी तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकलात. माझ्यासमोर."

"हो."

"त्याच्याआधी अर्धा तास मला ऐकवलंत. रक्तातलं लोखंड म्हणजे खिळे नव्हेत. असल्या पट्ट्यानं बीपी उतरलं असतं तर आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई अमर झाले असते. फळ्यावर लिहून दाखवायचं तेवढं राहिलं होतं. मी चुलीपुढची बाई म्हणून..."

"तू त्या दिवशी जेवली नाहीस," सर म्हणाले.

काकू थांबल्या.

"रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलं होतंस. मी सकाळी बघितलं." सर पट्ट्याकडे बघत बोलत होते. "मग घातला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"दिवाळीपासून? अंघोळीला?"

"अंघोळीला काढून साबणाच्या डबीत ठेवायचो. एरवी हातावर आहे हे विसरूनच गेलो होतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

सरांनी जरा विचार केला. प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ते नेहमीच करत, खरं तेच यावं म्हणून.

"व्याख्यान फार चांगलं झालं होतं गं," ते म्हणाले. "त्यानंतर सांगता येईना."

भागूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी कातळाकडे. काकू उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या, उन्हात, डोक्यावर पदरही न घेता. मला वाटलं रडतील. त्यांचे खांदे हलायला लागले आणि मग कळलं की त्या हसताहेत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"माझं ऐकलंत," त्या म्हणाल्या. "अहो, माझं ऐकलंत तुम्ही."

"हो. दुर्दैवानं."

"पर गुण आला का, मास्तर?" भागूबाईंनी विचारलं.

"छे. येणारच नाही. रक्तातला लोहाचा अणू जो असतो, तो..."

"पुरे," काकू म्हणाल्या.

सर थांबले.

मग त्यांनी माझ्याकडे वळून, जणू उद्याच्या एसटीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हटलं, "वत्सला, मार्गशीर्षाचे सगळे आकडे रद्द. तो थर इतरांसारखाच आहे. ती पोर इथं बसली नव्हती."

"हो, सर."

"तुझं प्रकरण गेलं. माझ्यामुळे गेलं. कारण जसंच्या तसं लिहायचं. निरीक्षकाच्या मनगटावर चुंबक होतं, असं. निरीक्षकाचं नाव घालायचं."

"काय चुंबक, ते विचारतील, सर."

"विचारू देत. सांगू."

तीस वर्षांचं म्हणणं त्या सड्यावर असं दोन-चार वाक्यांत संपलं. भागूबाईंनी घागर उचलली आणि म्हणाल्या की ताक घुसळलेलं आहे, घेऊन येते. कुणाचं काय गेलं हे त्यांना नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी गेलं की ताक द्यायचं हे ठाऊक होतं.

ऊन अजून चांगलं होतं. आता आलोच आहोत तर थर नीट मोजून जायला हवा होता. इतरांसारखा असला म्हणून काय झालं, त्याचीही दिशा कुठंतरी लिहून ठेवायला हवी. मी नळी पुन्हा पहिल्या छिद्रात बसवली आणि सरांसाठी जागा सोडून, वही घेऊन बाजूला उभी राहिले.

"काढा आता तो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "द्या इकडे, मी पर्समध्ये ठेवते. आणि बसा तुमच्या सुईपाशी."

सरांनी उजव्या हातानं पट्ट्याचं बक्कल चाचपलं. मी बघत होते. निघायला क्षणाचं काम होतं. सुईजवळ बसणं म्हणजे या माणसासाठी काय होतं ते मला चार वर्षांत कळलं होतं.

त्यांनी हात खाली घेतला.

"असू दे," ते म्हणाले.

"अहो, पण काम?"

"वत्सला वाचेल."

ते उठले, माझ्या हातातली वही आणि पेन्सिल काढून घेतली आणि सड्यावरून चालत पंच्याकडे गेले. तिथं कोयता, किल्ल्या, बिजागर आणि माझ्या केसांतले आकडे यांच्या पंक्तीला बसले. बाही तशीच दुमडलेली, पट्टा उन्हात उघडा. काकू मागोमाग गेल्या आणि त्यांच्या शेजारी टेकल्या. त्यांचं मनगट आपल्या मांडीवर घेऊन पट्ट्याखाली बोट घालून बघायला लागल्या.

"काचतोय."

"थोडा."

"मुकाट सोसायचं ते. एक घर सैल करायला काय होतं?"

मी नळीशी बसले. कुठला हात कुठं ठेवायचा ते कळेना, म्हणून दोन्ही मांडीवर ठेवले. काचेखाली सुई झुलत होती, झुलता झुलता थांबली. मी आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग मान वर करून, सगळ्या सड्यावर ऐकू जाईल असा, ओरडून सांगितला.

सरांनी तो लिहून घेतला आणि पुढच्या आकड्यासाठी पेन्सिल धरून बसले. नक्की का, असं विचारलं नाही.